रक्तवाहिन्यांचे कार्य, अतिरक्तदाब आणि स्त्री-पुरुषभेद

‘त्याला बीपी आहे’ हे वाक्य बल्लारपूरच्या कोणत्याही दवाखान्यात बाकावर बसलेल्या मंडळींच्या तोंडी ऐकू येते आणि ऐकणाऱ्यास त्यात काहीच खटकत नाही. वस्तुतः रक्तदाब प्रत्येक जिवंत माणसाला असतोच. नसणे हीच आपत्ती. मापनाचे नाव विकाराला चिकटले आणि रूढ झाले. शब्दाचे लिंगही अद्याप स्थिरावलेले नाही : ‘दाब’ मनात धरून कोणी ‘बीपी वाढला’ म्हणतो, तर कोणी ‘बीपी वाढलं’ म्हणतो. भाषेच्या अभ्यासकास अशी उदाहरणे नवी नाहीत. परंतु त्याच बाकावर आणखी एक भेद कानी पडतो, आणि तो निव्वळ व्याकरणाचा नव्हे. पुरुषाविषयी नुसते ‘बीपी आहे’ म्हटले की ‘वाढलेला’ हा अर्थ गृहीत असतो. स्त्रीविषयी बोलताना मात्र ‘बीपी लो होते’, ‘अशक्तपणा आहे’ असे शब्द येतात. ती स्वतःही ‘मले चक्कर येते’ एवढेच सांगते. पुरुषाचा दाब चढतो आणि स्त्रीचा उतरतो, अशी एक वाटणी बोलण्यात होऊन बसली आहे. ही वाटणी कोणत्या वयापर्यंत खरी, कोणत्या वयात खोटी आणि खोटी असूनही टिकून राहिली तर तिची किंमत कोण देते, हा येथे विचाराचा विषय आहे.

विचाराच्या आरंभीच एक शब्द आड येतो. मराठीत ‘शीर’ म्हणजे रक्ताची वाहिनी आणि ‘शीर’ म्हणजेच मज्जातंतू. ‘शीर दबली’, ‘शिरा आखडल्या’, ‘शीर तुटली’ ह्या प्रयोगांत कोणता अवयव अभिप्रेत आहे हे संदर्भावरूनही नेहमीच कळते असे नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे सिरा आणि चोवीस धमन्या सांगितल्या आहेत. तथापि त्या आजच्या शारीरशास्त्रातील वाहिन्यांशी एकास एक जुळत नाहीत. मराठी शास्त्रीय लेखनाने हृदयातून बाहेर जाणाऱ्या वाहिनीला ‘रोहिणी’ व हृदयाकडे परतणाऱ्या वाहिनीला ‘नीला’ अशी सुटसुटीत नावे दिली होती. शालेय पुस्तकांत आता ‘धमनी’ आणि ‘शीर’ हे शब्द आहेत. ह्या सर्वांपेक्षा अधिक दिशाभूल करणारा शब्द ‘रक्तवाहिनी’ हाच होय. वाहिनी म्हटले की डोळ्यांपुढे नळ उभा राहतो : आत पाणी, बाहेर पत्रा, आणि पत्र्याला स्वतःचे काही म्हणणे नाही. स्त्री-पुरुषांतील भेद समजून घ्यावयाचा तर हे चित्र प्रथम पुसावे लागते.

रक्तदाब म्हणजे रोहिणीच्या भिंतीवर रक्ताने टाकलेला जोर. १८९६ साली रिव्हा-रोच्ची ह्या इटालियन वैद्याने दंडाला हवेचा पट्टा बांधून तो मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १९०५ मध्ये कोरोत्कॉव्ह ह्या रशियन शस्त्रवैद्याने नाडीचे आवाज श्रवणनळीने ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे ठरविण्याची रीत सांगितली. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. दवाखान्यात सामान्यतः १४० आणि ९० मिलिमीटर पारा ही अतिरक्तदाबाची सीमा मानतात. हा दाब दोन गोष्टींवर ठरतो : हृदय किती रक्त ढकलते, आणि बारीक रोहिण्या त्या रक्ताला किती अडवितात. मोठ्या रोहिणीच्या मानाने ह्या बारीक शाखांचे महत्त्व फार. कारण वाहिनीचा व्यास थोडा कमी झाला तरी अडथळा अनेक पटींनी वाढतो.

व्यास कमीजास्त करणारा स्नायू भिंतीत असतो. त्याला हुकूम कोण देते, ह्या प्रश्नाचे एक उत्तर १९८० साली अनपेक्षितपणे हाती आले. अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत होते. अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य घातले असता काही पट्ट्या सैल पडत, काही पडत नसत. शोधाअंती असे दिसून आले की, पट्टी कापताना आतल्या बाजूचे पेशींचे पातळ अस्तर घासून निघाले असेल तर ती सैल पडत नाही. अस्तर शाबूत असेल तरच पडते. एका पेशीइतक्याच जाडीचा हा अंतःस्तर निव्वळ गुळगुळीत आच्छादन नसून स्नायूला ‘सैल हो’ असा निरोप पाठविणारे इंद्रिय आहे, हे त्यावरून कळले. निरोप्या कोण, ह्याचा उलगडा पुढे झाला : नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू. ह्या कामाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद ह्यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्ताचा वेग वाढून अंतःस्तरावर घर्षण झाले की हा वायू निर्माण होतो, वाहिनी रुंदावते आणि दाब आटोक्यात राहतो. ह्याच्या उलट काम करणारी, वाहिनी आवळणारी द्रव्येही शरीरात आहेत. त्यांपैकी अँजिओटेन्सिन हे मुख्य.

स्त्री आणि पुरुष ह्यांच्यातील भेद ह्या अंतःस्तरावरच प्रथम दिसतो. स्त्रीच्या बीजकोशातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनाला, जुन्या परिभाषेतील स्त्रीमदजनाला, ओळखणारे ग्राहक अंतःस्तराच्या पेशींमध्ये असतात. ते त्यांना जाऊन मिळाले की नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे विकर अधिक जोमाने काम करते. म्हणून तरुण स्त्रीच्या रोहिण्या त्याच वयाच्या पुरुषाच्या मानाने सहज रुंदावतात. सर्वच श्रेय ह्या एका स्रावाला देणे मात्र बरोबर होणार नाही. अँजिओटेन्सिनाचा जोर कमी करणाऱ्या यंत्रणेतील दोन महत्त्वाच्या प्रथिनांची जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत, आणि स्त्रीच्या पेशीत अशी दोन गुणसूत्रे असतात. मज्जासंस्थेचा भागही आहे. अनुकंपी मज्जातंतू वाहिन्यांना आवळण्याचा हुकूम देतात. तरुण पुरुषात हा हुकूम जितका तीव्र तितका वाहिन्यांचा अडथळा अधिक, असा सरळ संबंध मिळतो. तरुण स्त्रीत तो मिळत नाही, कारण त्याच मज्जासंस्थेच्या स्रावांचा रुंदावणारा परिणाम तिच्या वाहिन्यांवर अधिक होतो आणि आवळण्याची भरपाई होऊन जाते. ऋतुनिवृत्तीनंतर ही भरपाई ओसरते, आणि मग तिच्यातही पुरुषासारखाच संबंध दिसू लागतो.

ह्या ओसरण्याचे वेळापत्रक १९९४ साली सेलरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३८ निरोगी व्यक्तींच्या पाहणीतून मांडले. पद्धत सोपी होती. हाताला पट्टा बांधून काही मिनिटे रक्त अडवावयाचे, मग पट्टा सोडावयाचा, आणि धावून आलेल्या रक्ताच्या घर्षणाने दंडातील रोहिणी किती रुंदावते ते ध्वनिलहरींच्या यंत्राने पाहावयाचे. पुरुषांत ही रुंदावण्याची शक्ती चाळिशीपर्यंत टिकून राहिली आणि त्यानंतर दरसाल ०·२१ टक्क्याने उतरत गेली. स्त्रियांत ती पन्नाशीच्या थोडे पुढेपर्यंत टिकली; पण एकदा उतरू लागली ती दरसाल ०·४९ टक्क्याने, म्हणजे पुरुषांच्या दुपटीहून अधिक वेगाने. ‘स्त्रीला संरक्षण असते’ एवढे अर्धे वाक्य लोकांत पसरले. उतार सुरू झाल्यावर तो अधिक तीव्र असतो हे उरलेले अर्धे फारसे कोणी सांगत नाही.

हे अर्धे वाक्यही आता निर्विवाद राहिलेले नाही. २०२० साली अमेरिकेतील चार दीर्घकालीन पाहण्यांतील ३२,८३३ व्यक्तींची, एकंदर ४३ वर्षांतील रक्तदाबाची मोजमापे एकत्र करून पाहण्यात आली. तोपर्यंतची रीत स्त्रीच्या आकड्याची तुलना त्याच वयाच्या पुरुषाच्या आकड्याशी करण्याची होती, आणि तशी तुलना केली की तरुण स्त्रीचा दाब कमीच दिसे. ह्या अभ्यासकांनी प्रत्येक लिंगाची तुलना त्याच्या स्वतःच्या आरंभीच्या पातळीशी केली. तशी ती करताच असे दिसले की, स्त्रीचा दाब तिच्या तरुणपणीच्या पातळीपासून विशीनंतरच पुरुषाहून अधिक वेगाने चढू लागतो. पायरी खालची असल्यामुळे चढण नजरेत येत नव्हती, इतकेच. ह्या दोन अभ्यासांत विरोध आहे असे वाटेल. परंतु एकाने अंतःस्तराची शक्ती मोजली, दुसऱ्याने दाब मोजला. स्त्रीची रोहिणी, शरीराची उंची-जाडी जमेस धरूनही, पुरुषाच्या रोहिणीहून अरुंद असते आणि वयाबरोबर तिचा ताठरपणा वाढतो. तेव्हा अंतःस्तर चांगला असतानाही दाब हळूहळू वर सरकू शकतो. अधिक महत्त्वाचा प्रश्न सीमारेषेचा आहे. १४० हा आकडा दोघांना एकच लावावा काय? पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, त्याच गटाने दाखविले की हृद्‌रोगाचा व मेंदूतील झटक्याचा धोका स्त्रीत पुरुषापेक्षा कमी दाबालाच वाढू लागतो. सीमा अद्याप बदललेली नाही. बदलावी की नाही ह्यावर वैद्यकात मतभेद आहेत, आणि ते असणे योग्यच आहे. पण ‘बाईचा दाब १३० म्हणजे काहीच नाही’ हे समाधान पूर्वीइतके सुरक्षित राहिलेले नाही.

संरक्षण इस्ट्रोजेनाचे, तर ऋतुनिवृत्तीनंतर ते गोळीने द्यावे, असा विचार साहजिकच पुढे आला. २००२ साली अमेरिकेतील एक मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली : इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन घेणाऱ्या वयस्क स्त्रियांत हृदयाला संरक्षण मिळाले नाही आणि मेंदूतील झटके वाढले. अंतःस्तर एकदा जीर्ण झाला की तोच निरोप त्याला ऐकू येत नाही, असे ह्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. दुसरीही एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. कुटुंबनियोजनाच्या ‘माला-डी’सारख्या गोळ्यांत असलेले कृत्रिम इस्ट्रोजेन यकृतावर परिणाम करून अँजिओटेन्सिनाचा कच्चा माल वाढविते, आणि काही स्त्रियांत दाब त्यामुळे चढतो. एकाच कुळातील द्रव्य एका मार्गाने वाहिनी सैल करते आणि दुसऱ्या मार्गाने आवळते. ‘संरक्षक’ हे विशेषण द्रव्याला न लावता परिस्थितीला लावणे अधिक बरे.

स्त्रीच्या वाहिन्यांची खरी परीक्षा गर्भारपणात होते. रक्ताचे आकारमान जवळजवळ दीडपट होते. तरीही वाहिन्या इतक्या रुंदावतात की मधल्या महिन्यांत दाब उलट उतरतो. गर्भाशयाच्या नागमोडी रोहिण्यांनी ह्या काळात आपली स्नायूची भिंत टाकून रुंद व्हावयाचे असते. ते नीट झाले नाही तर वारेला रक्त कमी पडते, आणि विसाव्या आठवड्यानंतर दाब चढणे, लघवीतून प्रथिन जाणे, पुढे आकडी येणे असा जीवघेणा क्रम सुरू होऊ शकतो. इंग्रजी वैद्यकात ह्या विकारास पूर्वी रक्तविषबाधा ह्या अर्थाचे नाव होते. विष सापडेना म्हणून ते नाव टाकण्यात आले. मग २००३ साली अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारेतून आईच्या रक्तात उतरणारे, अंतःस्तराला दुर्बल करणारे एक प्रथिन दाखवून दिले. टाकून दिलेले नाव अगदीच चुकीचे नव्हते, असे म्हणावयास त्यामुळे जागा झाली. बाळंतपणानंतर दाब उतरतो आणि प्रकरण मिटले असे घरचे समजतात. तसे ते मिटलेले नसते. अशा स्त्रीला पुढील आयुष्यात अतिरक्तदाब, हृद्‌रोग आणि मेंदूतील झटका ह्यांचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहून अधिक असतो. गर्भारपण ही तिच्या वाहिन्यांनी दिलेली आगाऊ सूचना असते.

ही सूचना बल्लारपुरात कोठे नोंदली जाते, हे पाहिले म्हणजे शरीरशास्त्राचा प्रश्न समाजाचा होतो. गावाच्या नावाशी निगडित असलेल्या गोंड राजाची, खांडक्या बल्लाळशहाची, आख्यायिका सर्वश्रुत आहे : अंगभर गाठी-खांडके उठलेला राजा, त्याच्या प्रकृतीची काळजी वाहणारी राणी, आणि झरपटीच्या पाण्याने पडलेला गुण. राजाच्या व्याधीवरून त्याला नाव पडले. राणीची प्रकृती कशी होती हे आख्यायिका सांगत नाही. आधुनिक बल्लारपूर कागदगिरणीचे आणि कोळशाच्या खाणींचे गाव आहे आणि ह्या दोन्ही ठिकाणचे कामगार बहुतांशी पुरुष आहेत. १९५२ च्या खाण अधिनियमाने भूमिगत कामास स्त्रियांना मनाई केली होती, ती २०१९ साली काही अटींवर शिथिल झाली. १९५५ च्या खाण नियमांनी कामगाराच्या ठराविक मुदतीच्या वैद्यकीय तपासणीची पद्धत घालून दिली. अशा रीतीने खाणीतला पुरुष नोकरीच्या निमित्ताने तिशीत, चाळिशीत आणि पन्नाशीत पट्ट्याखाली येतो.

स्त्रीचे मोजमाप होत नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. गर्भारपणात तिचा दाब वारंवार घेतला जातो आणि आशा कार्यकर्ती दुपारी घरी येते तेव्हा भेटते ती स्त्रीच. अडचण मधल्या वर्षांची आहे. ह्या भागात शेवटचे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया पुष्कळदा पंचविशीच्या आसपास उरकलेली असते. ऋतुनिवृत्ती भारतीय स्त्रीला सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते. ह्या दोन टोकांमध्ये वीस वर्षांचे अंतर पडते, आणि विशीपासून सुरू झालेली ती न दिसणारी चढण नेमकी ह्याच अंतरात असते. तिशीनंतरच्या सर्वांच्या तपासणीचा शासकीय कार्यक्रम हे अंतर भरण्यासाठीच आहे. परंतु ‘चक्कर येते’ म्हणून आलेल्या चाळिशीतील स्त्रीला पट्टा न बांधताच शक्तीचे औषध मिळाले तर कार्यक्रम कागदावर राहतो. ज्यांचे गर्भाशय, आणि त्यासोबत बीजकोशही, अकाली काढले गेले त्यांची गोष्ट निराळी. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांवरील अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला २०१९ साली समिती नेमावी लागली. बीजकोश गेले की इस्ट्रोजेन एका दिवसात जाते. वाहिन्यांना सवय होण्यास अवधी मिळत नाही.

देशाच्या पातळीवर, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१·३ टक्के ह्यांचा दाब वाढलेला किंवा औषधाखाली असलेला आढळला. फरक इतका थोडा आहे की ‘बीपी पुरुषाचे, अशक्तपणा बाईचा’ ही वाटणी त्यावर उभी राहू शकत नाही. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेली पाहणी ह्याहून बोलकी आहे. जिल्ह्यातील ८६ खेड्यांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ ह्या दोन वर्षांत झालेल्या १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू मेंदूतील झटक्याने, गावच्या शब्दांत लकव्याने, झाले होते. कोणत्याही अन्य एका कारणाहून हे अधिक होते. लकव्याने गेलेल्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या. जंगलातील माणूस तापाने आणि सर्पदंशाने मरतो अशी बाहेरच्यांची समजूत असते. अतिरक्तदाब हे लकव्याचे सर्वांत मोठे कारण होय, आणि मरणाच्या दारात स्त्री-पुरुषभेद जवळपास पुसला गेलेला दिसतो.

परिसराच्या काही गोष्टी ह्या भेदात भर घालतात, काही तो कमी करतात. दारू पुरुषांचा दाब वाढविते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. खर्रा मात्र स्त्रियाही खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना ह्यांच्या त्या मिश्रणातील निकोटीन अनुकंपी मज्जातंतूंना चेतवून वाहिन्या आवळते, आणि तरुण स्त्रीच्या वाहिन्यांना मिळालेली सवलत खर्च होत जाते. सिकलसेल हा ह्या भागातील आणखी एक प्रश्न. ह्या रोगात फुटलेल्या रक्तपेशींतून सुटलेले हीमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, म्हणजे अंतःस्तराचा निरोप वाटेतच नाहीसा होतो. तरीही अशा रोग्यांचा दाब एरवी इतरांहून कमी असतो. त्यामुळे ‘सामान्य’ दिसणारा आकडा त्यांच्या बाबतीत वाढलेला असू शकतो. सिकलसेल असलेल्या गर्भवतीच्या बाबतीत ही गोष्ट विसरणे धोक्याचे आहे.

औषधांच्या बाबतीत स्त्री-पुरुषांना देण्याच्या गोळ्या त्याच आहेत, परिणाम त्याच मापाने होत नाहीत. अँजिओटेन्सिन तयार करणारे विकर रोखणाऱ्या गोळ्यांनी येणारा कोरडा खोकला स्त्रियांत अधिक येतो, आणि गर्भारपणात त्या गोळ्या वर्ज्य आहेत. अ‍ॅम्लोडिपिनाने घोट्यांवर येणारी सूज स्त्रियांत जास्त आढळते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी रक्तातील सोडियम उतरण्याचा धोकाही त्यांनाच अधिक. आणि चंद्रपूर-बल्लारपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४७ अंशांच्या पुढे जातो तेव्हा, घामाने मीठपाणी गेलेल्या शरीरात हा धोका दुणावतो. उन्हाळ्यात कातडीच्या वाहिन्या रुंदावून दाब तसाही उतरतो. हिवाळ्यात ठरविलेली मात्रा मे महिन्यात तशीच चालू राहिली की चक्कर येते, आणि ह्या वेळची चक्कर खरोखरच ‘लो बीपी’ची असते. पट्टा बांधल्याखेरीज ही चक्कर आणि चढलेल्या दाबाच्या बाईची चक्कर शब्दांवरून वेगळी ओळखता येत नाही. दोघीही ‘मले चक्कर येते’ असेच सांगतात.